गिटारच्या अॅम्प्लिफायरच्या चार वायरी

पोरांनो, ताईची गिटार आजोबांना फोनवर ऐकू येत नाही. कानात यंत्र घातलं तरी फोनमधून त्यांना नुसती खरखर ऐकू येते. म्हणून तुमच्या बाबाने गेल्या खेपेस अमेरिकेतला हा जुना अॅम्प्लिफायर इथे आणून ठेवला. येत्या सुट्टीत ताई तो लावून वाजवणार आणि आजोबा समोर बसून ऐकणार.

अडचण विजेची. तिकडे एकशेवीस व्होल्ट, सोलापुरात दोनशेतीस. पण त्यातल्या ट्रान्सफॉर्मरला विजेकडच्या बाजूने सारखीच दोन वेटोळी आहेत, म्हणजे टोकांच्या चार वायरी. तिकडे ती समांतर जोडतात. इथे एकापुढे एक जोडली की प्रत्येकाच्या वाट्याला निम्माच दाब येतो. हे मी शाळेत वर्षानुवर्षं फळ्यावर काढलेलं आहे.

वायरींना लावायला मी चिठ्ठ्या कापत होते, तेवढ्यात आजोबांनी मदत म्हणून चारही वायरी सोडवून टाकल्या. रंग उडून सगळ्या सारख्याच तपकिरी.

"अहो, कुठली कुठे होती?"

"तू शिकवायचीस की. शोध आता."

कुठल्या दोन वायरी एकाच वेटोळ्याच्या, त्या जोड्या मीटरने सापडल्या. पण एका वेटोळ्याचा शेवट दुसऱ्याच्या सुरुवातीलाच जोडायला हवा. उलटं झालं तर दोन्ही वेटोळी एकमेकांविरुद्ध ओढतात आणि ट्रान्सफॉर्मर जळतो. तसा दुसरा इथे मिळणार नाही.

म्हणून पंपाच्या मोटारी दुरुस्त करणारे वापरतात तसा सिरीज बल्ब मध्ये घातला. जोडणी चुकली तर वीज बल्ब खातो, ट्रान्सफॉर्मर वाचतो. अॅम्प्लिफायरचे काचेचे व्हॉल्व्ह काढून बाजूला ठेवले आणि बटण दाबलं. बल्ब लख्ख पेटला.

"उजेड झकास पडलाय," आजोबा म्हणाले. "पोरीला सांगू, गिटार राहू दे, पुस्तक घेऊन ये."

"दोनच शक्यता होत्या. एक संपली."

प्लग काढला, एकाच वेटोळ्याच्या टोकांची अदलाबदल केली, पुन्हा बटण दाबलं. बल्ब क्षणभर चमकला आणि विझल्यासारखा झाला. मग सगळे जोड कथलाचा डाग देऊन पक्के केले, इथे प्रवाह निम्मा म्हणून निम्म्या ताकदीचा फ्यूज घातला, व्हॉल्व्ह परत बसवले. थोड्या वेळाने खोक्यातून बारीक गुणगुण सुरू झाली. आजोबांनी त्यावर तळहात ठेवला.

"घुमतंय की."

"ऐकू आलं?"

"हाताला आलं. कानाचं पोरगी आल्यावर बघू."

त्यांची खिडकीजवळची खुर्ची आता त्या खोक्यासमोर आली आहे, अगदी येण्याजाण्याच्या वाटेत. मी ती हलवलेली नाही.