जिन्याखालची पंच

"आडनाव काय गं तुझं?"

दारात उभ्या असलेल्या मालकिणीनं विचारलं. मी सांगितलं. तिनं मला वरनं खालपर्यंत बघितलं आणि म्हणाली, "तू आत येऊ नको. फरशी आत्ताच पुसलीया."

माझ्या म्होरं चार पोलीस बूट वाजवत आत गेले. बुटाला चिखल हुता. तो चालला. मी पायताण काढून हातात धरलं हुतं, तरी चाललं न्हाय.

मी राजारामपुरीत गल्ल्या झाडते. ठेक्यावर. त्या सकाळी पोलीस साहेबानं जीप थांबवून मला पंच म्हणून बोलावलं. बाईमाणसाची झडती हाय म्हणाले, बाईच पायजे. पंच म्हंजे डोळ्यानं बघून सही करणारं माणूस, हे बी त्यांनीच सांगितलं. आणि दारातनं म्हणाले, "ऱ्हाऊ दे, खाली थांब तू."

अर्धा तास जिन्याखाली उभी हुते. मग सुमनला खाली आणलं. चंदगडकडची, त्याच घरात भांडी घासायची. तिच्या पिशवीत नशेची पावडर सापडली म्हणे. त्या घरच्या पोराकडं कोण कोण येतंय, ते सगळ्या गल्लीला ठाव हाय. त्याला कुणी हात लावला न्हाय.

साहेबानं कागद जीपच्या बॉनेटवर ठेवला. मी वाचायला लागले. नववी शिकलेय मी.

"तुला काय कळतंय त्यातलं? कर सही."

केली.

कोर्टात सरकारी वकिलानं विचारलं, तुमच्यासमोर सापडलं का? मी व्हय म्हटलं. नोकरीची भीती हुतीच. पण खरं सांगू? भरल्या कोर्टात 'मला आत घेतलं न्हाय' म्हणायची लाज वाटली. मला! त्यांना न्हाय, मला!

सुमनला सहा वर्षांची शिक्षा लागली. घेऊन जाताना ती माझ्याजवळ थांबली.

"अक्का, तू तर खाली हुतीस की."

एवढंच बोलली. शिवी दिली असती तर बरं झालं असतं. त्या दिवसापासनं घास गोड लागला न्हाय.

आता तिचं अपील हायकोर्टात हाय. तिची वकीलबाई माझ्या घरी आली, पंचनामा हातात दिला. 'सदर महिला पंच खोलीत हजर असताना, तिच्या समक्ष झडती घेतली.' चार वेळा वाचलं. ज्या घरात पाय ठेवू दिला न्हाय, त्या घरात कागदावर मी ऐटीत उभी! आधी हसू आलं. मग अंगाची आग आग झाली.

वकीलबाईनं आडपडदा ठेवला न्हाय. "खोटी साक्ष दिली म्हणून तुमच्यावरच केस होऊ शकते. आणि कोर्ट तुमचं ऐकून घेईलच, असंही नाही."

मुकादम म्हणतोय, "कशाला नसती उठाठेव? गप बस." नवरा म्हणतोय, पोरांकडं बघ. बघतेय की. उद्या त्यांना बी कुणीतरी आडनाव विचारणारच हाय.

सोमवारी प्रतिज्ञापत्रावर सही करणार. मी खोटं बोलले, असं त्यात लिहिलंय. मी म्हटलं, मला दारात का अडवलं ते बी लिहा. माझी जात बी लिहा.

वकीलबाई म्हणाली, "कायद्याला त्याची गरज नाही."

म्हटलं, मला हाय. लिहा.

खोटं मी बोलले. त्याची शिक्षा मी भोगीन. सुमननं का म्हणून?