पाठीवरच्या दोन थापा

आधीच सांगते, मी पुंडलिकनगरला अकरावी-बारावीच्या मुलांना फिजिक्स शिकवते. अंगात येणं, दृष्ट लागणं असल्या गोष्टींवर माझ्याइतकं खवचट हसणारं आमच्या खानदानात दुसरं कोणी नाही. तरीही हे लिहितेय... कारण दोन वर्षं झाली, डोक्यातून जात नाही.

माझा धाकटा भाऊ नितीन वाळूजला एका कंपनीत होता. आमच्या संभाजीनगरातून समुद्र गाठायचा तर रात्रभराचा प्रवास, आणि या पठ्ठ्याला वेड कशाचं, तर समुद्राच्या तळाशी जाऊन माशांचे फोटो काढायचं! सुट्टी मिळाली की पळाला मालवणला. दर वेळी मला म्हणायचा, "तायडे, एकदा चल ना माझ्यासंगं." शेवटच्या वेळी मी फोनवर खेकसले, "मासे पुरे झाले, आईकडं बघ जरा!" दहा दिवसांनी तो डेंग्यूनं गेला. माझं सॉरी म्हणायचं राहूनच गेलं.

वर्षश्राद्ध झाल्यावर त्याचा कॅमेरा घेऊन मी एकटीच मालवणला गेले. एक तरी फोटो काढायचा होता, त्याच्यासाठी.

बोटीवर डायव्हिंगवाल्या दादानं बजावलं — खाली श्वास अजिबात कोंडायचा नाही, नळीतून घेत-सोडत राहायचं. पण आम्ही देवगाव रंगारीच्या विहिरीत पोहायला शिकलेली माणसं... पाण्यात डोकं गेलं की श्वास बंद! लहानपणी तर मी वर आल्यावरही भीतीनं तसाच धरून ठेवायचे. मग नितीन माझ्या पाठीवर, खांद्यांच्या बरोबर मधोमध, दोन थापा मारायचा. "सोड की श्वास, तायडे!"

खाली खडकापाशी काळ्या-पिवळ्या पट्ट्यांच्या माशांचा घोळका आला. दादा माझ्या समोर, हातभर अंतरावर. मी कॅमेरा वर केला आणि सवयीनं श्वास कोंडला. छाती फुटेल असं वाटलं, काही सुचेना.

आणि पाठीवर दोन थापा बसल्या. खांद्यांच्या मधोमध.

श्वास सुटला, बुडबुडे वर गेले, बोटानं बटण दाबलं. मी गर्रकन मागे वळले... नुसतं हिरवट पाणी.

बोटीवर आल्यावर दादाला विचारलं. तो म्हणाला, "ताई, मी तुमच्या पुढ्यातच होतो. मागे कोण नव्हता." पाठीवरची टाकी हलली असेल, तिचा पट्टा ताणला असेल, सगळं मांडून पाहिलं. पण थापा बसल्या तिथं तर हवेची जड टाकी बांधलेली होती! तिच्या आडून पाठीला हात लागणार कसा?

घरी आल्यावर आईला फोटो दाखवला. मासे अगदी स्वच्छ आलेत, पण तिनं त्यांच्याकडं नीट पाहिलंही नाही. थापांचं ऐकलं आणि पदर तोंडाशी धरला. म्हणाली, "मागं वळलीस कशाला गं पोरी? तसंच थांबायचं व्हतं की. अजून थोडा वेळ राहिला असता त्यो."

ते काय होतं, मला आजही सांगता येत नाही. पण आई म्हणाली ते खरंय... मी वळायला नको होतं.