पानांच्या केसांचा प्राणी

नातीने सुटीत मला शिकवलेल्या मोबाईलवरच्या खेळात एक प्राणी आहे. त्याच्या डोक्यावर केसांऐवजी पानं आहेत आणि तो मुळांवर तुरुतुरु चालतो. काल दुपारी मी त्याचं चित्र रंगवत बसले होते, तेवढ्यात शेजारच्या शोभाताई आल्या.

"अगंबाई, किती गोड! कोणी काढलं हे?"

"नातीने," मी पटकन म्हणाले.

त्या बराच वेळ चित्राकडे पाहत राहिल्या. मग हळूच म्हणाल्या, "मलाही फार वाटतं हो, असं काहीतरी काढावं. पण या वयात लोक हसतील."

'हसू देत, हे मीच काढलंय,' एवढंच म्हणायचं होतं. माझी मलाच लाज वाटली. तरी हिरव्या रंगाने माखलेली बोटं पदराआड घेत मी चहा टाकायला उठले.