घेर आणि आरपार

सकाळी आमचं दार कुणी वाजवत नाही. दूधवाला खालूनच हाक मारतो आणि फुलवाली आशाबाई पुडी कडीला अडकवून निघून जाते. बारा वर्षांत तिने एकदाही दार वाजवलं नव्हतं. त्या दिवशी वाजवलं. गॅसवर पोहे होते, माझ्या नवऱ्याची, रविकांतची, अकोल्याच्या कोर्टात तारीख होती आणि ऐनवेळी त्याचा चष्मा सापडत नव्हता. दार उघडलं तर आशाबाई उभी, पुडी हातातच.

"साहेब हायेत का घरी?"

"आहेत, निघतीलच आता."

"मंग बसतो मी पायरीवर. जाऊ द्या त्यायले."

वकील घरात असताना ज्याला त्याच्याशी बोलायचं नाही, त्याचं काम बाईशीच असणार. रविकांतची गाडी फाटकाबाहेर पडल्यावर मी तिला स्वयंपाकघरात घेतलं.

आशाबाई सत्तेचाळीस वर्षांची. बडनेऱ्याच्या रस्त्याला त्यांचं दोन एकर वावर आहे, त्यात झेंडू आणि शेवंती. नवरा शेषराव, मुलगा गोपाल, सून मोनाली आणि शाळेत जाणारी नात खुशी. एकोणिसाव्या वर्षी लग्न होऊन आली तेव्हा तिला साधा गजरा ओवता येत नव्हता. आज आमच्या कॉलनीत तिच्या हाराला कुणी लांब-आखूड म्हणत नाही, कारण तिच्या कमरेच्या पिशवीत प्रत्येक घरच्या देवाचा दोरा असतो. मूर्तीभोवती दोरा फिरवायचा, जिथे टोक भेटेल तिथे गाठ मारायची, झालं माप. टेप तिने कधी हातात धरला नाही. हा दोराच या वेळी तिला नडला.

पिशवीतून तिने वर्तमानपत्रात गुंडाळलेली वस्तू काढली आणि पोळपाटाशेजारी ठेवली.

"हासू नका."

"नाही हसत."

कागद उलगडला. बायकांनी शरीरसुखासाठी वापरायचं जे साधन मोबाईलवर मागवता येतं, ते होतं. चांगलं जाडजूड. मी हसले नाही, पण भुवया वर गेल्या असाव्यात.

"पाहा, हासल्या!"

मग तिने सगळं सांगितलं. शेषरावला नऊ वर्षं साखर आहे. दोन वर्षांपासून नवराबायकोचं जमेनासं झालं होतं. डॉक्टरांनी सांगितलं की हृदयामुळे त्या गोळ्या देता येत नाहीत, पण साधनं मिळतात, दोघांनी मिळून वापरा, त्यात लाजण्यासारखं काही नाही. हे शेषरावने स्वतः घरी येऊन तिला सांगितलं. सांगताना तो शेवंतीच्या पाकळ्या खुडत बसला होता, असं ती म्हणाली. दोघांनी हार ओवता ओवता मोबाईलवर बघितलं. रुंदी चार सेंटिमीटर आणि पाच सेंटिमीटर, अशी दोन मापं होती.

"मी खुशीच्या पट्टीवर चार सेंटीमीटर दोरा मोजला अन् गोल केला. अवं माय, करंगळीतबी बसेना! म्हटलं, हे काय कामाचं? म्हून पाचचं घेतलं."

"आणि आलं हे."

"आलं हे उसाचं कांडं! परत घेत नाईत म्हंते. मंग एक डाव करून पाह्यलं, जिद्दीनं. दुखलं. मी ओठ आवळले, ते त्यायनं पाह्यलं. तवापासून खाट बाहेरच्या खोलीत. म्हंते, माह्यापायी तुले दुखलं, आता हे बंद." ती थांबली. "आता दुखणं नाई. पण ताई, पुढच्या डावाले जमलं तर जमलं. नाई तर खाट तिथंच राहीन."

मी तिचा हात धरला. "बांगडी कितीची घालतेस?"

"दोन-चारची. काहून?"

"म्हणजे सव्वादोन इंच. काढ एक."

साबण लावून एक काढली. मी म्हटलं, "आता तुझा दोरा हिच्या आतून फिरव." फिरवला. रविकांतच्या टेबलावरची पट्टी आणून मोजला, तर सात इंच भरला.

"सव्वादोन कुठं अन् सात कुठं!"

"सव्वादोन हे आरपार, या काठापासून त्या काठापर्यंत. सात हा घेर. कंपनीने लिहिलेली रुंदी आरपारची असते, बांगडीसारखी. तू ती घेर समजलीस. घेर आरपारच्या तिपटीहून थोडा जास्त."

तिने पाचाची तिप्पट बोटांवर केली आणि कपाळाला हात लावला. "पंधरा! गणपतीचा मुकुट घेऊन आली मी घरी!"

आता मात्र दोघी हसलो.

मग नीट मोजलं. मी म्हटलं, जे सोसेल त्याचं माप तुझ्याकडेच आहे. तिने दोन बोटं जोडून त्यांच्याभोवती दोरा फिरवला. साडेनऊ सेंटिमीटर. तीनहून थोड्या जास्तने भागलं, म्हणजे आरपार तीन. लांबीतही गोम होती. एकूण लांबीत मूठही धरलेली असते, म्हणून वापरायची लांबी वेगळी पाहायची. तीन सेंटिमीटरचं, मऊ सिलिकॉनचं, बुडाशी रुंद असलेलं एक सापडलं. सोबत पाण्याने धुऊन निघणारं जेल घ्यायला सांगितलं. आणि पुन्हा दुखलं तर ओठ आवळायचे नाहीत, थांबायचं आणि डॉक्टरीणबाईंकडे जायचं.

"खुशीच्या आबालेबी बांगडी दाखवतो," ती म्हणाली. "चूक मापाची होती, त्यायची नोती, हे त्यायले दिसलं पायजे."

बांगडी पुन्हा हातात चढवून ती उठली. पण दारात थांबली. पहिलं पार्सल मोनालीच्या हाती पडलं होतं. खुशीचा फ्रॉक समजून ती कात्री घेऊन बसली होती, तेव्हा आशाबाईने फवारणी पंपाचं नळकांडं आहे म्हणून ते ओढून घेतलं होतं. तेव्हापासून गोपाल ते नळकांडं मागतो आहे.

मोबाईल तिने माझ्यापुढे धरला. पत्त्याची जागा रिकामी होती.

"ताई, हे पार्सल तुमच्या नावानं येऊ द्या."