घासूनपुसून आणलेला इतिहास

माझ्या थोरल्या नणंदेला गावात कोणी त्यांच्या नावाने ओळखत नाही. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये त्यांची उभी हयात गेली, म्हणून लहानथोर सगळ्यांच्या त्या हॅलोताई. मी मात्र त्यांना वन्संच म्हणते. त्या आमच्याकडेच राहतात, पुढच्या खोलीत. लग्न केलं नाही. का, असं कोणी विचारलंच तर म्हणतात, "ज्याने ज्याने मागणी घातली, त्याला लाइन एंगेज लागली." विचारणारा हसतो आणि विषय तिथेच मिटतो.

एक्स्चेंज म्हणजे एक लांबलचक खोली. उंच खिडक्या, पायाला गार लागणारी फरशी, भिंतीशी भोकाभोकांचा मोठा लाकडी फलक आणि त्याच्यासमोर उंच स्टुलांची रांग. कोणाला कोणाशी बोलायचं असेल तर वन्संनी दोरीसारखी वायर या भोकातून काढून त्या भोकात खुपसायची. पुढे यंत्रं आली, नंबर आपोआप लागायला लागले, आणि वन्संची बदली बिलांच्या टेबलावर झाली. खोलीला कुलूप लागलं ते लागलंच. वन्सं निवृत्त झाल्या तरी संध्याकाळी फिरायला निघाल्या की पाय त्याच रस्त्याला वळायचे. खिडकीची काच बाहेरून पदराने पुसून आत डोकावायच्या आणि घरी येऊन सांगायच्या, "वरच्या कोपऱ्यात ओल आलीये गं."

मग नगरपालिकेने ठरवलं, की ती इमारत पाडायची आणि तिथे गाड्या लावायला जागा करायची. गावातली चार शहाणी माणसं म्हणाली, पाडू नका, गावाच्या इतिहासाचं छोटंसं संग्रहालय करा. नगरपालिकेने ना हो म्हटलं, ना नाही म्हटलं. उत्तर आलं ते असं: तीन वर्षांचा आराखडा द्या, खर्चाचा अंदाज द्या, खोलीची किल्ली न्या आणि वस्तू गोळा करा. आमचे अधिकारी येऊन पाहणी करतील. पटलं तर संग्रहालय, नाही तर गाड्या.

इतिहासाचं प्रेम बाकीच्यांना होतं. वन्संना ती खोली हवी होती. ती पाडली तर त्या काही रडणार नव्हत्या, पण संध्याकाळचं फिरणं बंद झालं असतं, हे आम्ही घरात न बोलता ओळखून होतो.

समिती झाली. निवृत्त मुख्याध्यापिका, ज्यांना आम्ही अजूनही मोठ्या बाई म्हणतो, कोपऱ्यावरचे औषधवाले, लग्नाचे फोटो काढणारे फोटोवाले, आणि हिशेबाला वन्सं. बैठका आमच्या जेवणाच्या टेबलावर, कारण चहा इथे आपोआप होतो.

पहिल्याच बैठकीत सगळ्यांना कमान हवी होती. दगडी, वर नाव कोरलेली.

"कमानीशिवाय संग्रहालय म्हणजे कुंकवाशिवाय..." औषधवाले म्हणाले आणि वन्संकडे बघून मध्येच थांबले.

"बोला, बोला," वन्सं म्हणाल्या. "पण मला एक सांगा, कमान उभी राहिली, हारतुरे झाले, फोटो निघाले. नंतर आतला झाडू कोण मारणार? त्याचा पगार कुठून?"

"तो नंतरचा प्रश्न झाला."

"माझा पहिला तोच आहे. बारसं सगळेच थाटात करतात हो, मूल वाढवायला पैसे ठेवतं कोण?"

म्हणून त्यांनी अंदाजपत्रक शेपटाकडून लिहायला घेतलं. आधी तिसऱ्या वर्षाचं. खोली नेहमीची झाली, नवलाई सरली, तेव्हा दर महिन्याला काय लागेल? झाडणारी बाई, वीज, पाणी, छपराची डागडुजी, कुलपाला तेल. ते भागलं की दुसरं वर्ष, आणि उरलं तर पहिलं. कमान सर्वात शेवटी आली आणि तिच्या वाट्याला शून्य आलं. फोटोवाले हळहळले. मोठ्या बाईंनी मात्र चष्म्यावरून वन्संकडे पाहिलं. शाळेत एखाद्या मुलीचं गणित बरोबर आलं की त्या असंच बघायच्या.

वन्संची आकडे तपासायची रीत तर आणखी वेगळी. जुन्या सामानातले दोन फोन त्यांनी वायर टाकून आमच्या घरात जोडून घेतलेत, एक पुढच्या खोलीत, एक स्वयंपाकघरात. ज्याने जो खर्च सुचवला त्याने स्वयंपाकघरातून तो फोनवर वाचायचा आणि यांनी पुढच्या खोलीत डोळे मिटून ऐकायचा.

"कागद खोटं बोलला तर कळत नाही," त्यांचं म्हणणं. "आवाज बोलला तर कळतं. जिथे अडखळला तिथला आकडा कच्चा."

मी ओट्याशी मटार सोलत होते आणि औषधवाले माझ्या शेजारी उभे राहून रिसिव्हरमध्ये वाचत होते. खुर्च्या झाल्या, पंखे झाले. "काचेची कपाटं..." म्हणाले आणि खाकरले.

"काय झालं?" पलीकडून आवाज. दोन खोल्यांतून ऐकू येत होता, फोनची गरजच नव्हती.

"काही नाही. काचेची कपाटं, वापरलेली, चांगल्या स्थितीतली..."

"कुठे वापरलेली?"

औषधवाल्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी त्यांची सुटका करणार होते. मी एक शेंग सोलली.

"दुकानात. नवीन फर्निचर करतोय ना मी. ही ठेवायची कुठे, म्हटलं..."

"मग विकताय की देताय?"

"देतोय, ताई," औषधवाले कपाळ पुसत म्हणाले, आणि मग स्वतःच इतके हसले की त्यांना पाणी द्यावं लागलं.

इथवर सगळं छान चाललं होतं. घोडं अडलं ते सफाईपाशी. जुन्या वस्तू साफ करणाऱ्या जाणकार माणसाने सांगितलेला खर्च फोनवर ऐकून वन्संनी मिटलेले डोळेच उघडले. एवढी रक्कम बघून अधिकारी पुढचं पानही उलटणार नाही, हे त्यांना दिसत होतं. दोन दिवस विचार करून त्यांनी तोड काढली. लोकांना वस्तू देण्याचं आवाहन करणारं पत्रक छापायचं होतं, त्यात खाली एक ओळ घातली: 'कृपया वस्तू स्वच्छ करून आणावी.'

"बघ, एका ओळीत निम्मा खर्च वाचला," त्या मला म्हणाल्या. मलाही ते पटलं. मोठ्या बाईंनाही पटलं.

आपल्या माणसांचा स्वभाव मात्र आम्ही कोणीच लक्षात घेतला नाही. दुसऱ्याच्या घरी भांडं परत करताना आपण ते आपल्या घरात घासतो त्यापेक्षा जास्त घासतो. इथे तर गावासमोर वस्तू मांडली जाणार होती, आणि खाली घराचं नाव लागणार होतं!

पहिली आली ती न्हाव्याची खुर्ची. त्याच्या आजोबांची. तिला नवं लालभडक रेक्झिन चढवलेलं. पाठोपाठ दूधवाल्याचा कॅन, चंदेरी रंग दिलेला, अजून ओला. घड्याळजींची दुकानावरची पाटी पेंटरकडून पुन्हा रंगवून आणलेली, वर शोभेला दोन फुलं जास्तीची. एका आजींनी त्यांची कापडी बाहुली इतकी धुतली होती, की तिला नाक-डोळेच उरले नव्हते. शिंपीणबाईंच्या मशीनवरची सोनेरी वेलबुट्टी साफ गेलेली.

"दोन दिवस घासतेय, ताई," त्या अभिमानाने म्हणाल्या. "तुमच्यापुढे कळकट वस्तू कशी आणू?"

वन्सं म्हणाल्या, "छान झालीये हो," आणि शिंपीणबाई जाईपर्यंत हसरा चेहरा ठेवला. मग स्टुलावर बसून कपाळाला हात लावला. खोली लग्नाच्या रुखवतासारखी चकाकत होती. एकही वस्तू जुनी वाटत नव्हती. रागवायचं तरी कोणावर? सगळ्यांनी सांगितलं तेच केलं होतं.

घरी जेवताना आमचे हे म्हणाले, "आक्का, आता सरळ दुकानाचा परवाना काढू या. माल तयार आहे."

एरवी वन्संनी धाकट्या भावाला तिथल्या तिथे उत्तर दिलं असतं. त्या दिवशी नुसता भात चिवडत राहिल्या. "पाहणी पुढच्या आठवड्यात आहे," एवढंच म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी त्यांच्या सोबतीला मीही खोलीवर गेले. जोडे शिवणारे काका एक जाड लाकडी फळी घेऊन आले होते. गुळगुळीत, पॉलिश केलेली. वन्संनी ती हातात घेतली आणि न राहवून विचारलं, "काका, हिच्यावर काहीच नव्हतं?"

"नव्हतं कसं? चामडं कापायची फळी ही. माझ्या वडिलांच्या सुरीचे वार होते नुसते. रंधा मारमार मारला तेव्हा गेले. इथे, या कडेला, एक खोल होता. मी लहानपणी गडबड केली तेव्हा त्यांचा हात सटकला. बोट वाचलं, फळीला लागलं. मग मला मारायला धावले आणि मध्येच हसायलाच लागले. आई म्हणाली..."

काका फळीवर बोट फिरवत बोलत राहिले. जिथे काहीच नव्हतं तिथे त्यांचं बोट नेमकं थांबत होतं. वन्संनी डोळे मिटले होते. मला वाटलं, रडतात की काय. पण त्या ऐकत होत्या.

"काका," त्या म्हणाल्या, "हे सगळं पुन्हा सांगाल? फोनवर?"

त्या दिवसापासून आमच्या पुढच्या खोलीत एक्स्चेंज सुरू झालं. वन्सं एकेका घरी फोन लावायच्या आणि एकच प्रश्न विचारायच्या: "तुम्ही घासून काय काढलंत?" माणसं आधी गोंधळायची आणि मग थांबता थांबायची नाहीत. न्हावी म्हणाला, खुर्चीच्या हातावर पोरांच्या दातांच्या खुणा होत्या, कारण केस कापताना सगळीच तो हात चावायची, त्यात आताचे दोन नगरसेवकही आले. दूधवाल्याने कॅनला पडलेल्या पोच्याची गोष्ट सांगितली. त्यात एक बैल, एक पूल आणि त्याची होणारी बायको होती. बाहुलीवाल्या आजी म्हणाल्या, "नाक मी काढलं होतं, डोळे माझ्या बहिणीने. तिने एक मोठा काढला, म्हणून आम्ही दोन दिवस बोलत नव्हतो." मग म्हणाल्या, "धुवायला नको होती का गं?" वन्सं म्हणाल्या, "चूक माझी. तुम्ही सांगा पुढे." माझ्या भाचीने तिच्या जुन्या मोबाइलवर हे सगळं ज्याच्या त्याच्या आवाजात भरून ठेवलं.

तातडीची बैठक झाली. सफाईसाठी ठेवलेले उरलेसुरले पैसे आता लागणार नव्हते. ते वन्संनी वायरमनला द्यायचे ठरवले. एक्स्चेंजच्या माळ्यावर जुने रिसिव्हर पडून होते, ते प्रत्येक वस्तूशेजारी टांगायचे. उचलला की त्या घरचं माणूस कानात बोलेल.

"म्हणजे आपली चूक झाकायला खर्च," मोठ्या बाई म्हणाल्या.

"झाकायला नाही, बाई. दारातच पाटी लावू, की या वस्तू आमच्या सांगण्यावरून घासून आणल्यात, गेलं ते फोनवर ऐका."

मोठ्या बाईंनी पर्समधून पेन काढलं. मग म्हणाल्या, "पाटी मी लिहिते. तुमचं अक्षर वाचवत नाही."

पाहणीला आलेले अधिकारी उंच, वाकलेले आणि घाईत होते. दारात उभं राहूनच त्यांनी खोलीवर नजर फिरवली. "हे जुनं आहे?"

"जुनंच आहे. आंघोळ घालून आणलंय," वन्सं म्हणाल्या.

फोटोवाल्यांनी जीभ चावली. अधिकाऱ्यांनी पाटी वाचली, पुन्हा एकदा वाचली, आणि खुर्चीजवळचा रिसिव्हर उचलला. ऐकता ऐकता ते हसले. मग दुधाचा कॅन ऐकला. घड्याळाकडे पाहिलं आणि बाहुलीकडे गेले. तिथे बराच वेळ उभे होते.

पण माणूस शेवटी हिशेबाचा. कागद मागितले. "रिसिव्हर रोज शंभर हात उचलतील. तिसऱ्या वर्षी वायरी बदलाव्या लागतील. त्याचं काय?"

"तिसऱ्या वर्षाचं पान आधी बघा. तिथूनच सुरुवात आहे," वन्सं म्हणाल्या.

ते बघितलं. बोट खाली खाली सरकत गेलं. "कमान नाही?"

"नाही."

"सगळीकडे आधी तीच दाखवतात," ते म्हणाले, आणि कागद घडी घालून खिशात ठेवले. हो की नाही, ताकास तूर लागू दिली नाही.

उत्तर आलं ते निम्मं आमच्या मनासारखं, निम्मं त्यांच्या. खोली संग्रहालयाला, तीन वर्षांसाठी. मागचं अंगण मात्र गाड्यांना. औषधवाले अंगणासाठी अर्ज करू म्हणून तावातावाने उठले. वन्संनी त्यांना खाली बसवलं. "अंगण मी मागितलंच कुठे होतं? बसा, चहा येतोय." त्या दिवशी त्यांनी दोनदा चहा घेतला आणि माझ्या हातचं सगळंच कसं छान होतं हे आमच्या ह्यांना ऐकवलं. हे स्वतः असं कधी म्हणत नाहीत, म्हणून मी लक्षात ठेवलंय.

आता खोली रोज उघडते. अंगणात गाडी लावून बायको बाजारातून येण्याची वाट बघणारे नवरे पंख्यासाठी आत येतात आणि रिसिव्हर कानाला लावून उभे राहतात. मग बायको पिशव्या घेऊन येते, आधी कुरकुरते आणि शेजारचा रिसिव्हर उचलते. काल मी दुपारचा डबा घेऊन गेले तर वन्सं वायरमनशी वाद घालत होत्या. एका फोनमधून खरखर येते म्हणत होत्या, त्याला काही ऐकूच येत नव्हतं. ओल आलेल्या कोपऱ्याचं छप्पर उघडून ठेवलं होतं आणि त्यातून ऊन फरशीवर पडलं होतं.

"डबा ठेव तिथे," त्या म्हणाल्या. "आणि जरा हे ऐकून सांग, खरखर आहे की नाही?"