औषध मारलं, प्यालं न्हाई

त्या शब्दाचाच मला राग येतो. औषध! डब्यावर लाल खूण, खाली ठळक अक्षरात 'विष' छापलेलं, आणि आमच्या तासगाव भागात त्याला म्हणायचं औषध. "आज बागेला औषध मारायचंय." आजारी लेकराला पाजतो त्या बाटलीला जो शब्द, तोच ह्याला. मग भीती वाटणार कशी?

आमचे हे सतरा वर्षं फौजेत होते. तिथं गॅसचा मास्क तोंडाला लावून पळायची कवायत केलेली. पण घरच्या द्राक्षबागेत उघड्या तोंडानं फवारणी. मी बोलले की हे म्हणायचे, "अगं, ते दुश्मनाचं विष. हे आपलं औषध हाय." टाकीत औषध कालवायला काठीसुद्धा नको. हातानंच कालवायचं, विजारीला पुसायचं आणि त्याच हातानं तंबाखू मळायची. माझं मेलीचं ऐकतंय कोण!

गेल्या हंगामात फुलकिड्यांसाठी फवारणी चालली होती. वारा उलटा. दहाच्या सुमाराला हे घरी आले ते सोप्यात बसलेच. दरदरून घाम, तोंडातून लाळ, मग ओकारी. "नीट दिसंना गं," म्हणाले. मी धाकट्या दिराला गाडी काढायला लावली, तर ह्यांनी दाराची चौकट धरून ठेवली.

"दवाखान्यात न्हाई जायचं."

"आवं, का?"

"लोक म्हणतील, औषध प्याला."

आता ह्याला काय म्हणावं? जीव चाललाय आणि ह्यांना लोकांची पडलीय! दीर तरी शहाणा असावा, तर तोही घुटमळला. "वैनी, ओढ्याकडनं नेऊया का? चौकात माणसं बसल्यात." ओढ्याकडनं म्हणजे अर्धा तास जादा. मी दोघांनाही फैलावर घेतलं. "चौकातनंच न्यायचं. हॉर्न वाजवत न्यायचं."

शहरात, विश्रामबागेतल्या दवाखान्यात डॉक्टरांनी डोळ्यांत बॅटरी मारली आणि मला विचारलं, "किती प्याले?"

"प्याले न्हाईत. मारलंय. अंगावर उडालंय, नाकातोंडात गेलंय."

"घरात भांडण झालं होतं का?"

झालं होतं की! रोजच होत होतं, ह्याच औषधावरनं. पण त्या घडीला ते कुठं सांगत बसू? मी ओरडलेच, "आधी माणूस वाचवा, मग काय ते विचारा!"

दोन दिवस मी आयसीयूच्या काचेबाहेर बसून होते. एकच गोष्ट डोक्यात घोळत होती. आमची द्राक्षं परदेशी जायची तर मण्यात औषध किती उतरलंय ते तपासतात, जास्त निघालं की माल परत. मारणाऱ्याच्या रक्तात किती उतरलंय, ते आजवर एकानंही तपासलं नाही. आणि आम्हीही कधी विचारलं नाही. स्वतःचीसुद्धा चीड आली मला.

तिसऱ्या दिवशी ह्यांनी डोळे उघडले. मला वाटलं, पाणी मागतील, निदान माझा हात तरी धरतील. तर पहिलं वाक्य काय?

"गावात काय सांगितलंस?"

रडू फुटायचं ते तिथंच आटलं. तळपायाची आग मस्तकात गेली.

"सांगितलं, औषध मारताना अंगावर उडालं," मी म्हणाले. "पण पुन्हा उघड्या तोंडानं बागेत गेलात, तर चौकात उभी राहून सांगीन, प्याला म्हणून."

ह्यांचा चेहरा पांढराफटक पडला. एवढ्या वर्षांत त्या औषधापायी ह्यांना घाबरलेलं मी पहिल्यांदाच बघितलं.