तोंडात औषध, जहाजावर गाय

नाटकमंडळीत त्यांना सगळे कुजबुजकाका म्हणत. विंगेच्या काळोखात स्टुलावर बसून नटाला विसरलेले वाक्य पुरवायचे आणि पहिल्या रांगेला त्याचा सुगावा लागू द्यायचा नाही, ही त्यांची हयातभराची कला.

दम्यासाठी ते औषधी पंप ओढत. त्यानंतर चूळ भरायची ताकीद मात्र त्यांनी धाब्यावर बसवली होती; चूळ भरायला उठलो आणि तेवढ्यात नायक अडकला तर? परिणामी जिभेवर पांढरे थर चढले आणि कुजबुजही घशात रुतू लागली. डॉक्टरबाईंनी यीस्टचा संसर्ग ओळखून बुरशीवरचे पातळ औषध दिले. चार दिवसांत जीभ गुलाबी झाली, तशी काकांनी बाटली कपाटात ढकलली. पडदा पडला की उठायचे, हा नाटकवाल्यांचा रिवाज त्यांनी बुरशीलाही लावला!

बुरशी नव्या नाटकाच्या पहिल्या प्रयोगाच्या आदल्या दिवशी परतली. दिग्दर्शिका म्हणाली, "काका, उद्या तुमचा आवाज पोचला नाही, तर नायकाच्या कानात यंत्र बसवीन. तुम्ही घरी आराम करा." काकांनी तडक दवाखाना गाठला.

डॉक्टरबाई हसल्या. "अहो, पडदा पडला तरी नट आत असतोच ना? पुन्हा एन्ट्री घेतो! डाग गेले तरी सांगितलेली मुदत पुरी करायची. बाटली हलवा, मोजून घ्या, तोंडभर घोळवा, जमेल तितका वेळ धरा, मग गिळा. नंतर थोडा वेळ खाणंपिणं बंद. पंपानंतर चूळ. आणि दुसऱ्या कसल्या गोळ्या चालू असतील तर आत्ताच सांगा."

"ऐकलंत?" सोबत आलेल्या काकू म्हणाल्या. "लगेच गिळलंत तर माझ्याशी गाठ आहे."

प्रयोगाच्या दिवशी दुसरा अंक सुरू झाला आणि औषधाची वेळ झाली. तालमीत या प्रवेशात नायक कधीच अडखळला नव्हता. काकांनी निर्धास्तपणे औषध तोंडात घेतले, गाल फुगवले आणि डोळे मिटले.

नायक अडकला.

"त्या वादळात मी एकट्यानं..." एवढे बोलून तो विंगेकडे पाहू लागला. पुढचे वाक्य होते, 'शिडाचा दोर ओढला.' काका गिळणार, तोच काकू आठवल्या. त्यांनी फुगल्या गालांनीच दोन्ही मुठी आळीपाळीने खाली ओढून दाखवल्या.

नायकाचा चेहरा उजळला. "त्या वादळात मी एकट्यानं गाईची धार काढली!"

पहिली रांग एकमेकांकडे पाहू लागली. नायिका मात्र मुरलेली. "आणि जहाजावर गाय चढवली कुणी?"

"तुझ्या वडिलांनी!" नायक ठणकावून म्हणाला.

मग हास्याचा असा लोट उठला की विंगेतले दोर हलले. काकांनी औषध घटकन गिळले, नाहीतर ते हसण्याबरोबर थेट रंगमंचावर गेले असते. मोकळ्या झालेल्या तोंडाने त्यांनी पुढचे वाक्य पोचवले, त्याच्या पुढचेही, आणि नाटक सुखरूप किनाऱ्याला लागले.

पडदा पडल्यावर दिग्दर्शिका विंगेत आली. काका स्टूल उचलून निघण्याच्या तयारीत.

"कुठे निघालात? ते यंत्र असे हातवारे करील का?" तिने हसून ओलावलेले डोळे पुसले. "गाय नाटकात राहू दे. फक्त औषध मध्यंतरात घ्या."

"आणि मुदत पुरी होईपर्यंत घ्या," दारातून काकू म्हणाल्या. त्यांच्या हातात बाटली होती.

काकांनी नुकताच पंप ओढला होता. ते मोठ्या थाटात चूळ भरायला निघाले.